भाबडीच्या पाठीवरचं दुसरं टिंब

देवानं फावडेबुवांना हात देताना मोजमाप काही केलं नव्हतं. तळहात ताटलीएवढे, बोटं खुंटांसारखी. चहाच्या कपाचा कान त्यांच्या कुठल्याच बोटाला होत नसे. कप ते मुठीत धरूनच पीत, आणि त्यांची म्हातारी रोज न चुकता म्हणे, "कप आहे तो, बोकडाची मान नव्हे. जरा हळू." तरुणपणी ओढ्याला पाणी आलं असताना दोन काखांत दोन मेंढ्या घेऊन त्यांनी ओढा ओलांडला होता. तेव्हापासून लोक त्यांना फावडेबुवा म्हणू लागले आणि खरं नाव कागदापुरतं उरलं. या हातांनी त्यांनी कुंपणं घातली, शेड उभी केली, हजारो मेंढ्यांची लोकर कातरली. सकाळी उठून देवापुढे जोडले ते हेच हात. पण एक काम या हातांना जन्मात जमलं नाही. अडलेल्या मेंढीच्या पोटात तो हात जात नसे.

आणि मेंढ्या तर अडायच्याच. कोकराचा एक पाय मागे राहतो, मान वळते, नाहीतर दोन कोकरं एकदमच दाराशी येऊन एकमेकांत गुंततात. अशा वेळी आत हात घालायचा, डोळे मिटायचे आणि बोटांनीच बघायचं. हे काम पूर्वी म्हातारी करायची. पुढे तिच्या हातांना कंप सुटला. पेला धरला तरी अर्धं पाणी अंगावर. तीन वर्षांमागे सूनबाई घरात आली, नाजूक मनगटाची, लांब बोटांची. पहिल्याच हंगामात तिनं एका मेंढीच्या पोटात मुरडलेली मान सरळ केली आणि जिवंत कोकरू बाहेर काढलं, तेव्हा बुवा त्या कोकराकडे बघतच राहिले होते. "देवानं मला जे दिलं नाही, ते या पोरीच्या हाती पाठवलं," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले.

पण गेलं वर्ष वाईट गेलं. एकशेवीस मेंढ्यांपैकी नऊ व्यायच्या वेळी गेल्या, कोकरं गेली ती तेवीस. सूनबाई तरी किती ठिकाणी पुरणार? एकीच्या पोटात हात असायचा तेव्हा दुसरी कोपऱ्यात थंड पडलेली. हंगाम संपला आणि तिसऱ्या महिन्यात सूनबाईच्या स्वतःच्या पोटातलंही राहिलं नाही. तो घाव घरात कुणी बोलून दाखवला नाही. मेंढ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांनीच सूनबाईला बाजूला बसवून हळू आवाजात विचारलं होतं. हातमोजे होते का? कपडे कुठे धुतलेस? ज्यांची कोकरं अवेळी पडली होती त्यातल्या किती मेंढ्यांना हात लावलास? मग म्हणाल्या, "नक्की त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण मेंढीच्या व्यायच्या पाण्यात, वारेत असे रोग असतात की ते पोटुशी बाईच्या पोटापर्यंत जातात. पुढच्या वेळी तू या शेडपासून लांब."

त्या बाईंनीच मग या वर्षी सगळी घडी बसवून दिली. यंत्र आणून एकेका मेंढीचं पोट तपासलं आणि पाठीवर हिरव्या रंगाच्या खडूनं टिंबं काढली. एक कोकरू असेल तर एक, जुळं असेल तर दोन. दोघींचे वाडगे, म्हणजे राहायची आवारं, वेगळी. "दोन टिंबांना खुराक भरपूर," बाईंनी सांगितलं. "एका टिंबाला मोजका, शेवटचे सहा आठवडे तर अगदी मापानं. एकटं कोकरू आत सगळं एकटंच खातं, बुवा. आईला तुम्ही प्रेमानं चारत राहिलात तर ते आतल्या आत फुगतं, आणि दार तेवढंच राहतं."

बुवांनी मान डोलावली. शेडच्या दारात फळी टांगली, तिच्यावर सूनबाईनं नियम लिहिले. कोपरापर्यंत साबण. पाणमोट फुटल्यावर अर्धा तास वाट. मग हात. दहा मिनिटांत जमलं नाही तर फोन. आणि सगळ्यांत खाली, स्वतःच्याच अक्षरात, तिनं लिहिलं: सूनबाई फाटकाच्या आत येणार नाही.

कारण तिला आता सहावा महिना होता.

तेव्हा या हंगामात सूनबाईची जागा ठरली ती फाटकाबाहेर, वीस पावलांवर, एका पालथ्या डब्यावर. फोनला रेंजही नेमकी तिथंच मिळायची. मांडीवर वही, हातात पेन, कानाशी फोन. कुठली मेंढी कधी व्याली, काय झालं, सगळं ती वहीत उतरवायची. नवरा तिचा लॉरीवर, आठवडा आठवडा बाहेर. म्हणून आत म्हातारा-म्हातारी आणि बाहेर सूनबाईचा आवाज, असा कारभार चालला. आणि चालला म्हणजे कसा! एकतीस मेंढ्या व्याल्या, गेली फक्त दोन कोकरं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "बुवा, तुमचं नाव मी चार ठिकाणी सांगणार आहे." त्या दिवशी बुवा शेड झाडताना मोठ्यानं देवाचं गाणं म्हणत होते आणि म्हातारी म्हणाली, "मेंढ्या घाबरतील, जरा खालच्या पट्टीत भजा."

आता भाबडीची गोष्ट.

सूनबाई या घरात आली त्याच महिन्यात एक मेंढी कोकराला जन्म देऊन मेली. ते कोकरू म्हणजे भाबडी. नव्या घरात कुणाशी बोलावं ते सूनबाईला कळत नव्हतं, आणि या कोकराला आई नव्हती. दोघींचं जमलं. बाटलीनं दूध पाजून, चुलीजवळ पोत्यावर निजवून सूनबाईनं तिला जगवली. तिच्या डाव्या कानामागे दोन बोटांनी खाजवलं की भाबडी डोळे मिटायची, खालचा ओठ लोंबवायची, आणि ते ध्यान बघून घरातला प्रत्येक जण हसायचा. मोठी झाली तरी हाक मारली की कळप सोडून धावत यायची. गेल्या वर्षी, त्या वाईट वर्षात, भाबडीला जुळं झालं आणि दोन्ही जगली. सूनबाई स्वतःच्या दुःखात भिंतीकडे तोंड करून पडली होती तेव्हा म्हातारीनं भाबडीला दोन पिलांसकट अंगणात आणून उभं केलं होतं. तेव्हा कुठे ती उठून बसली.

या वर्षी यंत्रानं भाबडीच्या पोटात एकच दाखवलं. एक टिंब. मोजका खुराक.

भाबडीला हे कोण समजावणार? शेजारच्या वाडग्यात मक्याचा भरडा पडला की ती कठड्यावर पुढचे पाय ठेवून उभी राहायची आणि बुवांकडे बघून ओरडायची. दुसरं कुणाकडे नाही, बुवांकडेच. चार दिवस त्यांनी मान फिरवली. पाचव्या दिवशी ओंजळभर टाकला, आणि त्यांची ओंजळ ती! मग वाटलं, हा नियम मोडणं झालं. बुवा देवभोळा माणूस, नियम मोडायची त्यांना भीती. मनात मग दुसराच विचार आला. गेल्या वर्षी जुळं देणारी मेंढी यंदा एकावर कशी थांबेल? यंत्र म्हणजे काय देव आहे? बाईंची घाई होती, कळप मोठा होता, एखादं कोकरू दुसऱ्यामागे लपलं असेल.

एका संध्याकाळी त्यांनी खुंटीवरचा हिरवा खडू काढला आणि भाबडीच्या पाठीवर पहिल्या टिंबाशेजारी दुसरं टिंब काढलं. मग तिला उचलून जुळ्यांच्या वाडग्यात सोडलं. नियम जिथल्या तिथं राहिला आणि भाबडीचं पोटही भरू लागलं. म्हाताऱ्याला त्या रात्री शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई कुंपणाबाहेरून मोजणी करत होती. "मामंजी, भाबडीला दोन टिंबं आहेत होय? माझ्या वहीत एक आहे."

बुवा पाण्याची बादली उपसत होते. त्यांनी बादली ओतली, पुन्हा भरली.

"माझंच चुकलं असेल लिहिताना," ती म्हणाली. तिनं वहीतला एकचा आकडा खोडला आणि दोन लिहिला. बुवांनी ते बघितलं. स्वतःच्या अक्षरापेक्षा या पोरीनं मेंढीच्या पाठीवर विश्वास ठेवला. आता सांगू, जेवताना सांगू, उद्या सांगू, असं करत सहा आठवडे गेले, आणि भाबडी गुबगुबीत झाली, तिची लोकर चमकू लागली. सूनबाई लांबून बघून म्हणायची, "काय ध्यान दिसतंय माझं!"

त्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमाराला भाबडी कळपातून बाजूला झाली. पुढच्या पायानं गवत उकरू लागली, बसली, उठली, पुन्हा बसली. बुवांनी तिला कोपऱ्यातल्या व्यायच्या खणात घेतलं, खाली कोरडा पेंढा पसरला. पाणमोट फुटली. बुवांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं, "दहाला पाच कमी!"

"लिहिलं!" बाहेरून आवाज आला. "कशी आहे?"

"चांगली आहे."

"मी हाक मारू का तिला?"

"नको. उठून तुझ्याकडे यायला बघेल."

अर्धा तास झाला. कळा जोराच्या येत होत्या. पहिल्यांदा दोन खूर दिसले, तळवे खाली. म्हणजे पुढचे पाय, सरळ. त्यामागे नाकाचं टोक. सगळं जिथल्या तिथं होतं. पण बुवांनी ते खूर बघितले आणि पुन्हा वाकून बघितले. आयुष्यभर त्यांनी कोकरं बघितली होती. जुळ्यातल्या कोकराचे खूर एवढे रुंद नसतात.

"मामंजी? पुढे सरकतंय का?"

"नाही."

"आई, तुम्ही हात घाला. साबण लावा आधी."

"लावलाय गं बाई, कोपराच्या वर लावलाय," म्हातारी पेंढ्यावर गुडघे टेकत म्हणाली. तिचा हात थरथरतच आत गेला. भाबडीनं मान वर करून एक लांब हुंदका दिला. "दोन पाय आहेत. नाक आहे. डोकं हाडाच्या कमानीशी अडलंय, पुढे येत नाही."

सूनबाईनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई दूर एका शेतावर होत्या, एका मेंढीचं पोट उघडून बसलेल्या. कुणीतरी त्यांच्या कानाशी फोन धरला होता. सूनबाई त्यांचं ऐकायची आणि तेच मोठ्यानं आत सांगायची.

"बाई विचारतात, टिंबं किती?" मग तिनं स्वतःच वही उघडून उत्तर दिलं, "दोन. हो बाई, दोन. जुळं आहे." आणि पुन्हा आत ओरडून, "मामंजी, ओढू नका! बाई म्हणतात दोन पाय दोन कोकरांचे असतील. ओढलं तर दोघं अडकतील. आधी डोकं हळूच मागे सारा, मग आई, तुम्ही पायावरून हात मागे न्या, कुठला पाय कुणाचा ते बघा. दुसरं कोकरू शोधा!"

बोलायची वेळ हीच होती. माणसाचं असंच असतं, देवा. चूक करताना हात थरथरत नाही, पण ती तोंडानं सांगायची म्हटली की जीभ दगडाची होते. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य वीस पावलांवर बसलेल्या त्या पोरीला ओरडून सांगायचं होतं, जिनं स्वतःचा आकडा खोडला होता. बुवा गप्प राहिले.

म्हातारीला डोकं मागे सारता येईना, तिच्या मनगटात जोर नव्हता. बुवांनी दोन बोटं लावली आणि सारलं. भाबडीनं दात खाल्ले. म्हातारीचा हात पुन्हा आत गेला, इकडे चाचपडला, तिकडे चाचपडला. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता.

"अहो, दुसरं लागतच नाही हाताला," म्हातारी म्हणाली. "पाय दोन्ही याचेच वाटतात. खांद्यापर्यंत जातात."

"नीट बघ," बुवा म्हणाले.

म्हातारीनं वर बघितलं. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. तिनं पुन्हा हात घातला. नाही ते दुसरं कोकरू ती शोधत राहिली. भाबडीच्या कळा आता आखूड यायला लागल्या होत्या. बाहेरून सूनबाई दर मिनिटाला विचारत होती, "सापडलं का? सापडलं का?" पुढे कितीतरी वर्षं बुवांना आठवायचं ते ते टिंब नाही, आपले हे दोन शब्द. नीट बघ.

"दुसरं नाही," ते शेवटी म्हणाले. मग उठून फाटकापर्यंत गेले, कारण बसल्या जागेवरून आवाज निघेना. "सूनबाई, दुसरं कोकरूच नाही. एकच आहे. दुसरं टिंब मी काढलं होतं."

सूनबाई डब्यावरून अर्धी उठली होती, ती तशीच राहिली. फोन कानाला होता. पलीकडून बाईंचा आवाज येत असावा, "काय म्हणतात? काय म्हणतात?" तिनं सासऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मग सकाळपासून सगळं सांगत होती त्याच आवाजात ती फोनमध्ये म्हणाली, "बाई, एकच आहे. टिंब चुकलं होतं." कुणी चुकवलं ते तिनं सांगितलं नाही. पलीकडचं ऐकून म्हणाली, "हो. जुळ्यांचाच खुराक होता. सहा आठवडे."

मग सूचना आल्या. पायांना दोऱ्या लावा. तिसरी दोरी कानांच्या मागून डोक्याला घाला, फास गळ्याला बसू देऊ नका. भरपूर साबण. कळ आली की खाली, जमिनीच्या दिशेनं ओढायचं, कळ नसेल तर थांबायचं. मी निघते, पण तासभर लागेल.

पायांना दोऱ्या बुवांनी बांधल्या. बाहेर जे होतं ते त्यांना जमत होतं. पण कानांच्या मागे पोचायचं तर डोक्याच्या आणि हाडाच्या मधून हात जायला हवा, आणि तिथे एका लांब बोटांच्या हाताचीच जागा होती. बुवांनी साबण लावला, अंगठा तळव्यात दाबला, देवाचं नाव घेतलं. हात बोटांच्या पेरांपर्यंत गेला आणि थांबला. भाबडी किंचाळली. त्यांनी हात काढला, पुन्हा घातला. पेरांपर्यंतच. देवा, एवढे मोठे हात दिलेस ते कशाला? सगळं उचलायला दिलेस, आणि जे एवढंसं आहे तिथं मला दाराबाहेर ठेवलंस.

"सरका," म्हातारी म्हणाली. तिचा हात गेला. फास कानापर्यंत पोचलाही. पण तिथे बोटं स्थिर धरून एक एक कान आत घ्यायचा, आणि तेवढ्यात कंप आला की दोरी सुटायची. एकदा सुटली. दुसऱ्यांदा एक कान आला आणि सुटली. तिसऱ्यांदा म्हातारी रडायला लागली. "माझा हातच माझं ऐकत नाही हो. याला काय करू?"

कोकराची जीभ बाहेर आली होती. सुजलेली, निळसर. अजून ती हलत होती.

फाटकाची कडी वाजली. बुवांनी वळून बघितलं. सूनबाई दाराशी उभी होती, बाह्या कोपराच्या वर, एक हात पोटाखाली आणि दुसरा कडीवर.

"मामंजी, सरका."

बुवा इतक्या झपाट्यानं उठले की म्हातारी दचकली. फाटकाच्या आतून त्यांनी कडी धरली. "नाही."

"दहा मिनिटं लागतील मला. दहाही नाहीत. फास घालते आणि जाते. हातमोजे घालीन."

"नाही."

"जीभ हलतेय तोवरच आहे मामंजी! तुमचा जात नाही, आईंचा थांबत नाही. मग कुणाचा हात आणायचा?"

"कुणाचाच नाही."

"मी पाजलंय तिला!" ती ओरडली. भाबडीनं तो आवाज ओळखला. अडलेल्या अवस्थेत, मागून दोऱ्या लोंबत असताना तिनं पुढचे पाय रोवले आणि फाटकाकडे यायला बघितलं. म्हातारीनं तिला मिठी मारून धरली.

सूनबाईनं कडी हिसकली. तिच्या लांब, पातळ बोटांवर बुवांचा आख्खा पंजा होता. आत जमलं नाही ते या हाताला इथं जमलं. कडी जागची हलली नाही.

"मला काय बोलायचं ते बोल," बुवा म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "टिंब मी काढलं. भाबडी माझ्यामुळे अडली. तिच्यासाठी तुझं पोट मी टांगणीला लावणार नाही. फाटक उघडणार नाही पोरी. शिव्या दे."

तिनं शिवी दिली नाही. कडीवरचा हात सुटला. ती माघारी वळली, चार पावलं गेली आणि मातीत बसली, डब्यापर्यंतही पोचली नाही.

मग तो तास. त्याबद्दल काय सांगावं? कळ आली की बुवा पायाच्या दोऱ्या ओढायचे, म्हातारी साबण लावायची. डोकं तसूभर यायचं आणि कळ सरली की तसूभर मागे जायचं. पावणेबाराला जीभ हलायची थांबली. बुवांनी बघितलं, म्हातारीनं बघितलं. बाहेरून कुणी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई बाराच्या सुमाराला आल्या. गाडीतून उतरल्या त्या थेट शेडमध्ये. त्यांच्या हातानं दोन मिनिटांत फास कानामागे बसला. कोकरू आलं. लांबलचक, भारदस्त, पांढरं शुभ्र. असं कोकरू जिवंत असतं तर बघायला माणसं आली असती. बाईंनी त्याच्या छातीला बोटं लावली आणि ते बाजूला पोत्यावर ठेवलं. मग भाबडीला तपासायला लागल्या, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. हिरड्या उलटून बघितल्या, पांढऱ्याफटक. पुन्हा हात आत घातला, खूप वेळ ठेवला, काढला.

"आत फाटलंय, बुवा. डोकं मागेपुढे होताना असेल. चरबीही खूप आहे, वाट तशीच अरुंद झालेली. रक्त आतच चाललंय."

"टाके घालता येतील?"

"तिथं माझाही हात पोचत नाही."

हे ऐकून बुवांनी बाईंच्या हाताकडे बघितलं. केवढा तरी लहान हात, शहाणा, शिकलेला. तोही पोचत नव्हता. एवढ्या जगात भाबडीसाठी पुरेल असा हात नव्हताच.

बाईंनी दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. नळावर कोपरापर्यंत हात धुताना त्या एकच वाक्य बोलल्या, "एकतीस झाल्या होत्या, बुवा." रागानं नाही, दमून. जाताना फाटकाबाहेर सूनबाईजवळ उकिडव्या बसल्या. ती विचारत होती आणि बाई मान हलवत होत्या, नाही म्हणून. तिचा हात त्यांनी धरला नाही. नुकत्याच शेडमधून आल्या होत्या. मग गाडीचा आवाज लांब गेला.

भाबडी पेंढ्यावर कुशीवर पडली होती. म्हातारीनं तिच्यावर पोतं घातलं आणि भिंतीला टेकून बसली, थरथरते हात मांडीखाली दाबून.

"मला दिसत होतं," ती हलकेच म्हणाली. "एका कोकराचं पोट असं नसतं, दोघांचंही असं नसतं. भरडाही संपत होता. मी म्हटलं, म्हाताऱ्याचा जीव आहे तिच्यावर, आपण कशाला तोंड घालायचं."



बाहेर पेनाचा आवाज आला असता तर तोही ऐकू गेला असता इतकं शांत होतं. सूनबाई परत डब्यावर बसली होती. वही तिनं उघडली नव्हती. दुपारचं ऊन फाटकाच्या पट्ट्यांतून शेडमध्ये येत होतं.

"मामंजी," ती म्हणाली.

"हं."

"तिचं डोकं कुठल्या बाजूला आहे?"

"तुझ्याकडे."

"डोळे उघडे?"

"उघडे आहेत."

मग सूनबाई म्हणाली, आणि आवाज तोच, सकाळपासून आत सूचना देणारा, एकेक शब्द सुटा, "तिच्याजवळ बसा. डाव्या कानामागे. पंजा नाही, दोनच बोटं लावा."

बुवा बसले. भाबडीच्या डाव्या कानामागे त्यांनी दोन बोटं टेकवली. खुंटांसारखी ती बोटं त्यांना आपलीच वाटेनात.

"लावली."

"कानाच्या मुळाशी एक खळगा आहे. सापडला?"

"सापडला."

"तिथे. हळू. त्याहून हळू, मामंजी. तुम्ही कातरताय असं वाटलं नाही पाहिजे तिला."

"हं."

"गोल नाही. वर खाली."

वर खाली, वर खाली. बुवांचा जन्मभर दांडगा असलेला हात त्या खळग्यात कसा मावला कोण जाणे. भाबडीनं डोळे मिटले. मग हळूहळू तिचा खालचा ओठ सुटला आणि लोंबला.

"ओठ लोंबवला का तिनं?"

"लोंबवला."

बाहेरून एक आवाज आला, हसण्यासारखा, आणि मध्येच तुटला.

पोतं वर होत होतं आणि खाली होत होतं. मग बराच वेळ लागू लागला वर व्हायला. मग ते खालीच राहिलं. भिंतीला टेकलेल्या म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. बुवांनी फाटकाकडे बघितलं. डब्यावर सूनबाई बसली होती, ताठ, दोन्ही हात पोटावर, कान इकडे लावून.

"हळू हं," ती म्हणाली.

"हो," बुवा म्हणाले. आणि ती थांबा म्हणेपर्यंत त्यांनी बोटं काढली नाहीत.